भिस्ती, मेहतर, हलालखोर

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. निवडणुकीच्या कामासाठी आम्हा शिक्षकांचे प्रशिक्षण होते. सभागृहात दीड-दोनशे माणसे. मतदान यंत्राची पेटी टेबलावर ठेवताना माझ्या हातून निसटली आणि तोंडातून सहज शब्द गेले, "या अल्लाह!" समोरचे अधिकारी म्हणाले, "मॅडम, हे सरकारी काम आहे. धर्म घरी ठेवून येत चला." सभागृहात थोडा हशा झाला. मी मान खाली घातली. पाच-दहा मिनिटांपूर्वी वीज गेली, तेव्हा त्याच अधिकाऱ्यांच्या तोंडून "अरे देवा!" निघाले होते. त्यात कुणाला धर्म दिसला नव्हता. खरे तर मलाही दिसला नव्हता. गडबडलेल्या माणसाच्या तोंडून जे निघते तेच निघाले होते.

घरी येऊन अब्बांना सांगितले. त्यांचे उभे आयुष्य यंत्रमागावर गेलेले. मला वाटले ते माझी बाजू घेतील. ते एवढेच म्हणाले, "बेटी, उसको तेरा 'या अल्लाह' चुभा. तेरा बोलना किसको चुभता क्या, वो भी देख."

ते बघण्याची वेळ लवकरच आली. सातवीच्या वर्गात एक मुलगा सलग चौथ्या दिवशी गृहपाठ न करता आला. मी वैतागून म्हणाले, "हरामखोर, कामचोर कुठला!" आमच्या शाळेत हा शब्द कुणी शिवी म्हणून मोजत नाही. मुलगा मात्र उभाच राहिला. हळू आवाजात म्हणाला, "टीचर, मेरे अब्बू हलाल कमाते." त्याचे वडील गटारे साफ करणाऱ्या ठेकेदाराकडे कामाला होते, हे मला नंतर समजले. त्या दिवशी मी त्याला उत्तर देऊ शकले नाही. उत्तर शोधत शोधत मी शब्दकोशांकडे आणि इतिहासाकडे गेले. जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवते.

आपल्या मुलखातल्या दफ्तरांत देवाचे नाव कधी परके नव्हते. मराठी कागदाच्या माथ्यावर 'श्री' असे. मुसलमानांच्या कागदावर 'बिस्मिल्लाह' किंवा अब्जद पद्धतीने काढलेला त्याचा आकडा ७८६. आकडा लिहिण्यामागे एक अदब होती. कागद पायाखाली गेला, रद्दीत गेला, तरी पाक कलाम पायदळी येऊ नये. एखादे काम सुरू करायला मराठीत 'श्रीगणेशा करणे' म्हणतात, तसेच आपल्याकडे 'बिस्मिल्ला करणे' म्हणतात. दोन्हींत देवाच्या नावाचे रूपांतर 'सुरुवात' या साध्या शब्दात झाले आहे.

विजापूरच्या दरबारात तर याहून पुढची गोष्ट घडली. पहिल्या इब्राहिम आदिलशहाने (कारकीर्द १५३४ ते १५५८) हिशेबाच्या कामात फारसीऐवजी देशी भाषा आणली, असे इतिहासकार फरिश्ता सांगतो. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाचा (१५८० ते १६२७) 'किताब-ए-नौरस' हा ग्रंथ सरस्वतीच्या स्तवनाने सुरू होतो. दुसऱ्या बाजूला मराठी कारकून कागदावर सुहूर सनाचा आकडा लिहीत तो 'सलास', 'मया', 'अलफ' अशा अरबी शब्दांत. लिहिणारा कारकून ब्राह्मण, आकडे अरबी, माथ्यावर 'श्री'. यात कुणाला विसंगती वाटत नव्हती.

शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून रघुनाथ पंडितांनी 'राज्यव्यवहारकोश' रचला. राज्यकारभारातल्या फारसी-अरबी शब्दांना त्यात संस्कृत प्रतिशब्द दिले. दफ्तरात कोणता शब्द चालावा, याचा विचार राज्यकर्ते तेव्हाही करीत होते, हे यावरून दिसते. पण लोकांच्या जिभेवर कुणाची आज्ञा चालत नाही. दफ्तर, फडणीस, चिटणीस, सबनीस हे शब्द टिकलेच. 'शाबास' टिकला. 'तोबा' टिकला. 'अवलिया' मराठीत असा रुळला की तो अरबी 'वली'चे अनेकवचन आहे, हे आता सांगावे लागते. म्हणजे धर्माचे शब्द कामाच्या जागी येण्याची रीत जुनी आहे आणि ती दोन्हीकडून आहे. त्या अधिकाऱ्यांना हा इतिहास ठाऊक असता तर ते कदाचित माझ्यावर हसले नसते.

इथपर्यंत वाचताना मला बरे वाटत होते. पुढचे वाचताना बरे वाटेनासे झाले.

'भिस्ती' हा शब्द घ्या. पखालीतून पाणी आणून देणारा तो भिस्ती. मूळ फारसी शब्द 'बिहिश्ती', म्हणजे जन्नतचा रहिवासी. तहानलेल्याला पाणी पाजण्याचे पुण्य मोठे, म्हणून हे नाव पडले असावे. 'मेहतर' घ्या. फारसीत त्याचा अर्थ थोर, वडीलधारा, सरदार. 'जमादार' हा फौजेतला हुद्दा. उत्तरेत न्हाव्याला, शिंप्याला, खानसाम्याला 'खलिफा' म्हणत. किती उंच शब्द! पण हे शब्द ज्यांना चिकटले, त्यांचे जिणे उंच झाले नाही. उलट शब्दच खाली आले. झाडू हातात घेतलेल्या माणसाला 'मेहतर' म्हणता म्हणता थोरवीचा तो शब्द जातीचे नाव झाला आणि पुढे हिणवण्याचा शब्द झाला.

सगळ्यांत बोलका शब्द 'हलालखोर'. हलालची कमाई खाणारा तो हलालखोर. झाडूवाल्यांसाठी हे नाव बादशहा अकबराने रूढ केले, असे अबुल फज्लने 'आईन-ए-अकबरी'त नोंदवले आहे. हेतू चांगला असावा. समाज ज्याच्या सावलीलाही बिचकतो त्याची भाकरी सर्वांत पाक आहे, असे बादशहाला सांगायचे असावे. पण लोकांनी या नावाचीही थट्टा केली. 'ज्याला सगळेच खाणे हलाल, तो हलालखोर' असा उलटा अर्थ लावला गेला आणि इंग्रज कोशकारांनी तोही टिपून ठेवला.

हा शब्द मुंबईत थेट कायद्याच्या पुस्तकात गेला. मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या कायद्यात मैला उचलण्याच्या सेवेसाठी घेतल्या जाणाऱ्या कराचे नाव 'हलालखोर टॅक्स' असे होते. शहर वाढत होते, गिरण्या वाढत होत्या, आणि लाखो माणसांची घाण रोज डोक्यावरून वाहून नेणारे हात याच नावाने ओळखले जात होते. या कामगारांनी काम बंद केले तर शहर दोन दिवसांत नाक दाबून बसेल, हे सरकारला कळत होते. म्हणून १८९० साली वेगळा कायदा झाला आणि नोटीस न देता काम सोडणे हा गुन्हा ठरला. नाव हलालखोर, आणि आपल्या मर्जीने काम सोडले तर शिक्षा! नुसत्या नावाने माणसाला इज्जत मिळत नाही, याचा याहून मोठा पुरावा कोणता?

आता 'हरामखोर'कडे वळू. हलाल आणि हराम हे शरियतचे शब्द. काय जायज आणि काय नाजायज, हे अल्लाहने ठरवायचे. मराठी कागदपत्रांत आणि बखरींत मात्र 'हरामखोरी' शब्द येतो तो धन्याशी केलेल्या बेइमानीसाठी. ज्याचे मीठ खाल्ले त्याच्याशी फितूर झाला तो नमकहराम, हरामखोर. म्हणजे हराम काय, हे ठरवणारा आता धनी झाला. दरबारातून हा शब्द कारखान्यात आला, मुकादमाच्या तोंडी बसला, शेठच्या गादीवर बसला आणि शेवटी माझ्यासारख्या मास्तरणीच्या तोंडी आला. उशिरा येणारा मजूर हरामखोर. आजारपणाची रजा मागणारी बाई हरामखोर. पण दोन-दोन महिने पगार थकवणाऱ्या मालकाला तोंडावर हरामखोर म्हटलेले मी तरी ऐकले नाही. वास्तविक मजुराचा घाम वाळण्याआधी त्याची मजुरी द्या, ही हदीस आपण जुम्याच्या बयानात किती वेळा ऐकली असेल! त्या हिशेबाने हा शब्द कुणाला लागू पडतो, ते वाचकांनीच ठरवावे.

कायदा काय म्हणतो तेही पाहिले. मेकॉलेच्या आयोगाने १८३७ साली फौजदारी कायद्याचा मसुदा तयार केला. त्यातून १८६० साली भारतीय दंड संहिता झाली. तिच्या २९८ व्या कलमाने कुणाच्या धार्मिक भावना दुखावण्याच्या हेतूने शब्द उच्चारणे हा गुन्हा ठरवला. १९२७ साली त्यात २९५-अ ची भर पडली. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि हीच कलमे अनुक्रमे ३०२ आणि २९९ या क्रमांकांनी आली. या सगळ्यांत मुद्दा हेतूचा आहे. जाणूनबुजून दुखावणे हा गुन्हा. पेटी निसटताना निघालेला "या अल्लाह" किंवा वीज जाताना निघालेला "अरे देवा" या कलमांत कुठेच बसत नाही.

जातीवरून अपमान करण्याविरुद्ध १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. २०१५ च्या दुरुस्तीने, लोकांसमोर जातीच्या नावाने शिवीगाळ करणे हा गुन्हा त्यात स्पष्ट शब्दांत आला. पण हे संरक्षण अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ साली त्यात शीख आले, १९९० साली बौद्ध आले. तेच झाडूचे काम पिढ्यान् पिढ्या करणारा मुसलमान हलालखोर त्यात आलेला नाही. त्याला कुणी लोकांसमोर त्याच्या जातीवरून हिणवले, तर हा कायदा त्याच्यासाठी धावून येत नाही. आणि त्याला असे बोलणारे नेहमी परकेच असतात, असेही नाही. आपल्यात जात नाही, असे आपण जलशांत सांगतो. पण लग्नाची गोष्ट निघाली की बिरादरी विचारतो. मोहल्ल्यात भांडण झाले की "भंगी कहीं का" ही शिवी आपल्याच दारातून ऐकू येते. अधिकाऱ्याच्या एका वाक्याने मी रात्रभर तळमळले. त्या मुलाच्या घरात अशी वाक्ये किती पिढ्यांपासून झेलली जात असतील?

या प्रश्नाचे उत्तर आपल्या दीनमध्ये चौदाशे वर्षांपूर्वी दिलेले आहे. हजरत अबू जर गिफारी (रजि.) यांनी एकदा रागाच्या भरात एका माणसाला त्याच्या आईवरून टोमणा मारला. तो त्यांचा गुलाम होता, असे एका रिवायतीवरून दिसते. आई परदेशी, काळ्या वर्णाची, असा त्या टोमण्याचा रोख होता. नबी करीम (स.) यांच्या कानी ही गोष्ट गेली, तेव्हा त्यांनी अबू जर यांना बजावले, की तुमच्यात अजून जाहिलियत शिल्लक आहे. तुमच्या हाताखालची माणसे तुमचे भाऊ आहेत. जे तुम्ही खाता ते त्यांना खाऊ घाला, जे तुम्ही लेवता ते त्यांना द्या, आणि त्यांच्यावर झेपणार नाही असे ओझे लादू नका. सहीह बुखारीत ही हदीस आहे. आणि ती आपल्यापर्यंत पोहोचण्याचे निमित्तही लक्षात घेण्यासारखे आहे. पुढे अबू जर यांच्या आणि त्यांच्या गुलामाच्या अंगावर एकसारखेच वस्त्र पाहून कुणीतरी कारण विचारले, तेव्हा अबू जर यांनी स्वतःच आपल्या चुकीची ही हकिगत सांगितली. एवढे मोठे सहाबी, पण चूक लपवली नाही.

सूरह हुजुरातच्या अकराव्या आयतीत एकमेकांना वाईट नावांनी पुकारू नका, असा हुकूम आहे. हजरत अनस (रजि.) यांनी दहा वर्षे नबींची खिदमत केली आणि त्या काळात नबींनी त्यांना कधी 'उफ'ही म्हटले नाही. मालक आणि नोकर यांच्यातल्या बोलण्याचा याहून वेगळा नियम आपल्याला कशाला हवा?

माझ्या तोंडून अजूनही "या अल्लाह" निघते. ते मी थांबवणार नाही आणि कुणाच्या "अरे देवा"लाही हसणार नाही. ही संकटात सापडलेल्या माणसाची भाषा आहे आणि ती कुणाला कमी लेखत नाही. 'हरामखोर' हा शब्द मात्र माणसाला कमी लेखतो, तोही अल्लाहच्याच कायद्यातला शब्द वापरून. म्हणून तो मला जास्त मोठा गुन्हा वाटतो.

पुढच्या सोमवारी मी सातवीच्या वर्गात गेले. ज्या पन्नास मुलांसमोर बोलले होते, त्याच पन्नास मुलांसमोर त्या मुलाची माफी मागितली. मग फळ्यावर तीन शब्द लिहिले : भिस्ती, मेहतर, हलालखोर. तिन्हींचे मूळ अर्थ सांगितले. मुले चकित होऊन ऐकत होती. तास संपताना तो मुलगा वही घेऊन माझ्याजवळ आला. गृहपाठ त्या दिवशीही अर्धाच होता. मी विचारले, "बेटा, घरी अभ्यासाला वेळ मिळत नाही का?" हा प्रश्न मी पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता. तो म्हणाला, "अब्बू बीमार हैं टीचर. सुबह उनके बदले मैं जाता."

मी खडू ठेवला आणि मुख्याध्यापकांच्या खोलीकडे गेले.