अक्षहृदय आणि आणेवारी

महाराष्ट्रांत दहावीच्या बीजगणितांत संभाव्यता आणि सांख्यिकी या विषयांवर दोन प्रकरणें नेमलेलीं आहेत. परीक्षा जवळ आली म्हणजे विद्यार्थी त्यांची उजळणी करितात. पण ती बहुधा सूत्रांची उजळणी असते. अनुकूल निष्पत्तींच्या संख्येस एकूण निष्पत्तींच्या संख्येनें भागावें, एवढें मुखोद्गत झालें कीं संभाव्यता आली, असा समज असतो. ज्या शंकांतून हें सूत्र निघालें त्या शंका मात्र विद्यार्थ्याच्या कानांवर येत नाहींत. आमच्या मतें या विषयाची खरी उजळणी त्याच्या इतिहासांतूनच व्हावयास पाहिजे.

महाभारताच्या वनपर्वांतील नलोपाख्यान आपल्याकडे आबालवृद्धांस ठाऊक आहे. द्यूतांत राज्य गमावलेला नल बाहुक या नांवानें ऋतुपर्ण राजाचा सारथी होतो. विदर्भाच्या वाटेवर ऋतुपर्ण एका बेहड्याच्या झाडाकडे पाहून त्याच्या पानांची व फळांची संख्या सांगतो. नल मोजून पाहतो तों ती बरोबर निघते. मग अश्वविद्या देऊन नल त्याच्याकडून अक्षहृदय घेतो. बेहड्याचीं फळें त्या काळीं फाशांच्या ठिकाणीं वापरीत असत. तेव्हां फाशांचा आणि मोजणीचा कांहीं संबंध आहे, हें आमच्या पूर्वजांच्या ध्यानीं आलें होतें यांत संशय नाहीं. परंतु ती विद्या चालते कशी, हें कथेंत कोठेंच नाहीं. ती एकानें दुसऱ्यास दिली आणि तेथेंच राहिली. मंत्र आणि शास्त्र यांतील भेद तो हाच. मंत्रास सिद्धता मागतां येत नाहीं.

युरोपांत ही सिद्धता मागितली गेली, तीहि प्रथम जुगाऱ्यांकडूनच. तीन फाशांची बेरीज ९ होण्याचे सहा प्रकार आहेत आणि १० होण्याचेहि सहाच. तरी १० चें दान अधिक वेळां पडतें, असा खेळणारांचा अनुभव होता. याचें कारण गॅलिलिओनें दाखविलें. १, २, ६ हा प्रकार फाशांची अदलाबदल करून सहा रीतींनीं पडतो. ३, ३, ३ हा एकाच रीतीनें. सर्व २१६ रीती मोजल्या तर ९ च्या वांट्यास २५ आणि १० च्या वांट्यास २७ येतात. सहा प्रकार दिसण्यांत सारखे, पण वजनानें सारखे नव्हेत.

पुढें १६५४ सालीं पास्कल आणि फर्मा या दोघां फ्रेंच गणितज्ञांनीं पत्रव्यवहारांतून एक जुना तंटा सोडविला. दोघां खेळाडूंनीं प्रत्येकीं ३२ मोहोरा लाविल्या. जो प्रथम तीन डाव जिंकेल त्यानें सर्व ६४ घ्यावयाच्या. एकाचे दोन आणि दुसऱ्याचा एक डाव झाला असतां खेळ थांबला, तर वांटणी कशी करावी? पाचोली या इटालियन पंडितानें १४९४ च्या आपल्या ग्रंथांत जिंकलेल्या डावांच्या प्रमाणांत वांटण्यास सांगितलें होतें. पास्कल म्हणाला, मागें काय झालें तें पाहूं नका, पुढें काय होऊं शकतें तें पाहा. पुढचा डाव पहिल्यानें जिंकला तर त्यास ६४. हरला तर दोघे बरोबरीस येऊन ३२. म्हणजे ३२ तर त्याच्या हक्काच्याच. उरलेल्या ३२ विषयीं दोघांची आशा समान, म्हणून त्यांतील निम्म्या. पहिल्यास ४८ आणि दुसऱ्यास १६. न घडलेल्या गोष्टीचेंहि न्याय्य मोल ठरवितां येतें, हा या वांटणीचा अर्थ आहे.

यानंतर शंभर वर्षांनीं, १७५४ मध्यें, दालांबेरसारखा थोर गणिती फ्रेंच विश्वकोशांत लिहितांना फसला. नाणें दोनदां उडविलें असतां निदान एकदां छाप पडण्याची संभाव्यता त्यानें दोन-तृतीयांश मानिली. पहिल्यानेंच छाप, कांट्यानंतर छाप आणि दोन्ही वेळां कांटा, असे तीनच प्रकार त्यानें धरिले. वस्तुतः पहिल्या प्रकारांत दोन निष्पत्ती दडलेल्या आहेत, उत्तर तीन-चतुर्थांश. ‘समसंभाव्य’ हा शब्द पाठ्यपुस्तकांत कां घालावा लागतो, तें यावरून कळावें.

सांख्यिकीची गोष्ट याहून आपल्या जवळची आहे. पांच खातेदारांच्या जमिनी २, २, ३, ३ आणि ४० एकर असल्या तर मध्य १० येतो, मध्यक ३. दोन्ही उत्तरें बरोबर. पण दहा एकरांचा खातेदार त्या गांवांत एकहि नाहीं. आंकडा खरा असूनहि दिशाभूल करूं शकतो, हें ज्यानें ओळखलें नाहीं त्याची उजळणी अपुरीच म्हणावयाची.

पिकाचा अंदाज आपल्याकडे आणेवारीनें होत असे. पीक नजरेनें पाहून सोळा आण्यांपैकीं किती आणे आलें तें ठरवावयाचें, आणि साऱ्याची सूट त्यावर अवलंबून. हेंहि एक प्रकारचें अक्षहृदयच होतें. पाहणाऱ्याची नजर चुकली तर दाद कोणत्या हिशेबानें मागावी? सातारा जिल्ह्यांतील बुध या गांवीं १९११ मध्यें जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनीं १९४० नंतर दिल्लीच्या कृषिसंशोधन परिषदेंत या प्रश्नास हात घातला. गांव, शेत आणि शेतांतील तुकडा हीं तिन्ही यदृच्छेनें निवडावयाचीं, त्या तुकड्यांतील पीक कापून वजन करावयाचें, आणि अशा अनेक तुकड्यांवरून मध्य काढून त्यांत चूक किती असूं शकेल तेंहि सांगावयाचें, ही पद्धत त्यांनीं रुजविली. प्रा. महालनोबिस हे त्याच काळांत बंगालमध्यें नमुना-पाहणीचें काम करीत होते. निवड यदृच्छेनें कां? मनुष्याची आवडनिवड आड येऊं नये म्हणून. ज्या दैवयोगानें नलाचें राज्य गेलें, त्यासच येथें शेतकऱ्याच्या न्यायासाठीं कामाला लाविलें आहे. आजहि पीकविम्याची भरपाई ठरवितांना पीककापणीच्या प्रयोगांचा आधार घेतात.

आपली चूक किती असूं शकेल हें आधींच सांगणें, हा या शास्त्राचा विशेष होय. ऋतुपर्णानें तें सांगितलें नव्हतें, आणेवारी करणारांनींहि नाहीं. दहावीचीं हीं प्रकरणें वाचणारांपैकीं बरेच जण पुढें गणिताचें पुस्तक उघडणार नाहींत. पण आंकडे पुढें करून कोणी कांहीं मागूं लागला, तर ‘मोजलें कसें?’ हा प्रश्न त्यांनीं विचारावा. शिक्षकांनीं एवढें साधलें तर सूत्र विसरल्याचें आम्हांस फारसें दुःख होणार नाहीं.