आवाजावरची जकात

आमच्या घरी पत्र्याच्या एका जुन्या डब्यात अठरा कॅसेट आहेत. माझे मामा १९७८ साली रत्नागिरीहून आखातात कामाला गेले. पत्र लिहिण्याचा त्यांना कंटाळा आणि फोन परवडायचा नाही. म्हणून ते कॅसेटच्या एका बाजूवर बोलायचे आणि सुट्टीवर गावी निघालेल्या कुणाच्या तरी हाती ती पाठवायचे. दुसऱ्या बाजूवर आजी बोलायची आणि कॅसेट परत जायची. ज्या परत गेल्या नाहीत, त्या या अठरा.

मामांचा मुलगा आज दुबईत नोकरीला आहे. त्याच्या हातातल्या फोनवर व्हॉट्सॲप आहे, संदेश येतात-जातात, फोटो येतात. फक्त कॉल तेवढा लागत नाही. घंटी वाजते, इकडे आत्या फोन उचलते आणि पुढे नुसती शांतता. यंत्र सगळे तयार असताना वाट कुणी आणि का अडवली, हा प्रश्न घेऊन मी या विषयाच्या मागे लागलो. उत्तराचा मोठा भाग आखातात नाही, तर आपल्या मुंबईतच सापडला.

परदेशी फोनचा व्यवहार फार काळ दोन देशांच्या सरकारी कंपन्यांमधला होता. कॉल जिथून निघे तिथली कंपनी ग्राहकाकडून मिनिटामागे पैसे घेई आणि कॉल जिथे पोहोचे तिथल्या कंपनीला ठरलेला वाटा देई. मिनिटे मोजली जात आणि नाक्यावर जकात भरावी तसा प्रत्येक मिनिटाचा हिशेब होई. भारतात हा नाका १९४७ पासून ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिसकडे आणि १ एप्रिल १९८६ पासून विदेश संचार निगमकडे होता. निगमचे मुख्यालय मुंबईच्या फोर्ट भागात होते आणि उपग्रहाशी बोलणारे भूकेंद्र जुन्नर तालुक्यातल्या आर्वीला. मामांनी वर्षाकाठी कधी तरी केलेला तीन मिनिटांचा कॉलही याच नाक्यावरून आला असणार.

१९९५ साली इस्रायलच्या व्होकलटेक कंपनीने ‘इंटरनेट फोन’ नावाचा प्रोग्रॅम बाजारात आणला. आवाजाचे बारीक तुकडे करायचे, ते ईमेलसारखेच इंटरनेटवरून पाठवायचे आणि पलीकडे पुन्हा जोडायचे, एवढीच त्यामागची युक्ती. पण त्यामुळे मिनिट मोजणारे मीटरच निरुपयोगी झाले. त्याच वर्षी १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले. म्हणजे एकच संस्था इंटरनेटही विकत होती आणि इंटरनेटमुळे बुडू शकणारे कॉलही. पुढे काय झाले असेल, याचा अंदाज वाचकांना आला असेलच. खासगी इंटरनेट कंपन्यांना १९९८ पासून परवाने मिळू लागले, पण इंटरनेटवरून टेलिफोनी करायची नाही या अटीवर. १९९९ च्या दूरसंचार धोरणातही ‘सध्या परवानगी नाही’ हीच भूमिका कायम राहिली.

ही बंदी उठली १ एप्रिल २००२ रोजी. परदेशी कॉलवरची निगमची मक्तेदारी संपली ती आदल्याच दिवशी, ३१ मार्चला. या दोन तारखा शेजारी ठेवल्या की वेगळे भाष्य करायची गरज उरत नाही. तंत्रज्ञान सात वर्षे तयार होते. ते थांबले होते नाका उठण्यासाठी.

संयुक्त अरब अमिरातीची गोष्ट याच साच्यातली आहे, फक्त तिथला नाका अजून उठलेला नाही. एतिसलात ही कंपनी १९७६ मध्ये स्थापन झाली आणि जवळपास तीन दशके तिथे एकटीच होती. २००३ मध्ये नियामक संस्था आली, पुढे ‘डू’ ही दुसरी कंपनी आली. दोन्हींत सरकारचा मोठा हिस्सा. इंटरनेटवरून आवाज पोहोचवण्याची सेवा परवानाधारक कंपन्यांनीच किंवा त्यांच्या संमतीनेच द्यायची, असा नियम ठरला. ज्या देशात दहापैकी जवळपास नऊ माणसे परदेशी आहेत, तिथे घरी केलेला फोन ही चैन नसते, ती मीठ-पिठासारखी गरज असते. साहजिकच त्यावरचे उत्पन्नही हक्काचे.

जानेवारी २०१८ मध्ये बोटिम आणि सी-मी या दोन ॲपना परवानगी मिळाली, पण त्यांचे पॅकेज घ्यावे लागे. मोबाइलसाठी महिन्याला ५० दिरहम, घरच्या इंटरनेटसाठी १००. शिवाय ॲप दोन्ही टोकांना हवे. म्हणून आमच्या आत्याच्या फोनवर बोटिम आहे आणि त्यात नाव एकच, मुलाचे.

आडवाट शोधणारे व्हीपीएन वापरतात. तिथे व्हीपीएन मुळात बेकायदा नाही, बँका आणि कंपन्या ते वापरतातच. पण त्याच्या आडून गुन्हा करणे किंवा लपवणे यासाठी २०१६ च्या दुरुस्तीने ५ लाख ते २० लाख दिरहम दंड ठेवला. ज्या मजुराचा पगार हजार-दीड हजार दिरहम आहे, त्याला या आकड्यापुढे कायद्याचा कीस काढायचे धैर्य होत नाही. तो मुकाट्याने पॅकेज घेतो, नाही तर सुट्टीच्या दिवसाची वाट बघतो.

कंपन्यांची बाजूही ऐकली पाहिजे. तारा आणि मनोरे आम्ही उभे करायचे, परवान्याचे पैसे आम्ही भरायचे आणि परक्या ॲपनी फुकट धंदा करायचा, हे त्यांचे गाऱ्हाणे अगदीच पोकळ नाही. सरकारे सुरक्षेचेही कारण देतात. पण बंदी कधी सैल होते ते पाहिले की खरे वजन कशाला आहे ते कळते. मोरोक्कोत जानेवारी २०१६ मध्ये कंपन्यांनी असे कॉल बंद केले. त्यातल्या सर्वांत मोठ्या कंपनीत, मारोक टेलिकॉममध्ये, २०१४ पासून बहुमताचा हिस्सा होता एतिसलातचा! माराकेशला हवामान परिषदेसाठी जग जमणार होते, त्याच्या तोंडावर नोव्हेंबरमध्ये कॉल पुन्हा सुरू झाले. सौदी अरेबियाने सप्टेंबर २०१७ मध्ये बंदी उठवली, ती तेलापलीकडची अर्थव्यवस्था उभी करण्याच्या घाईत. मार्च २०२० मध्ये साथ आली तेव्हा अमिरातीने टीम्स, झूम यांसारख्या सेवा खुल्या केल्या, शाळा आणि कचेऱ्या चालाव्यात म्हणून. व्हॉट्सॲपचे कॉल तेव्हाही खुले झाले नाहीत.

पाहुण्यांसाठी, गुंतवणूकदारांसाठी, कचेरीसाठी दार उघडले. आईशी बोलणाऱ्यासाठी मात्र दर लागू राहिला. आपणही २००२ पर्यंत हेच करत होतो, त्यामुळे आखाताकडे बोट दाखवताना आपला हात जरा जपून उचलावा.

गेल्या गणपतीत मामेभावाला सुट्टी मिळाली नाही. आरतीच्या वेळी आत्याने फोन पाटाशेजारी समईला टेकवून ठेवला होता. त्या महिन्याचे पॅकेज त्याने भरलेले होते.