सोरा, पाणी आणि बंदुकीचे कीट

तलासरीच्या शेजारचा डहाणूचा किनारा मराठ्यांनी पोर्तुगीजांपासून इ. स. १७३९ मध्ये जिंकला. त्या काळच्या बंदुकांची दारू सोरा, गंधक व कोळसा यांची असे. ‘सोरा’ हा शब्द फारसी ‘शोरा’ या शब्दावरून आला असून त्याचे नाते ‘शोर’, म्हणजे खारट, या शब्दाशी आहे. बंदुकीच्या स्वच्छतेचे मर्म या व्युत्पत्तीतच सापडते. दारू जळाल्यावर नळीत उरणारे कीट मुख्यतः पोटॅशियमच्या क्षारांचे असते. ते हवेतील ओल शोषून लोखंड गंजविते. हे क्षार तेलात विरघळत नाहीत, पाण्यात विरघळतात. म्हणून आधी पाणी, नंतर कोरडे करणे व शेवटी तेल, हा क्रम ठरतो.

आज श्राव्यातीत ध्वनिलहरींनी सुटे भाग धुतात, तेथेही द्रव निवडावयाचा तो कीट व धातू पाहूनच. तीव्र अल्कली ॲल्युमिनियम खाते. अमोनियाने पितळेस तडे जातात. संग्रहालयातील जुन्या बंदुकीच्या बाबतीत मात्र घाई करू नये. कीट ठेवावे तर लोखंड जाते, धुवावे तर दारूचा पुरावा जातो. यास्तव प्रथम कीटाचा नमुना काढून ठेवावा, हेच इतिहासाच्या अभ्यासकाचे कर्तव्य होय.