लहान मुलांचा कॅन्सर : कायदा कुठे आहे, योजना कुठे आहे

लहान मुलांच्या कॅन्सरसाठी आपल्या देशात वेगळा कायदा नाही. अमेरिकेत आहेत. गॅब्रिएला मिलर ही दहा वर्षांची मुलगी ब्रेन ट्यूमरने गेली. तिच्या नावाच्या २०१४ च्या कायद्याने राजकीय पक्षांच्या अधिवेशनांना मिळणारा सरकारी पैसा मुलांच्या आजारांच्या संशोधनाकडे वळवला. २०१७ च्या कायद्याने मोठ्यांच्या कॅन्सरची काही नवी औषधं मुलांसाठीही तपासणं कंपन्यांना बंधनकारक केलं. २०१८ मध्ये तिसरा कायदा आला.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते श्रीमंत देशांत कॅन्सर झालेल्या शंभरातली ऐंशीहून जास्त मुलं बरी होतात, गरीब देशांत तीसही नाहीत. उशिरा निदान आणि अर्धवट सोडलेला इलाज ही मोठी कारणं. आपल्या संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीने सप्टेंबर २०२२ च्या अहवालात, कॅन्सरच्या प्रत्येक रुग्णाची सरकारकडे नोंद सक्तीची करा, अशी शिफारस केली. मुलं नेमकी किती हेच मोजलं नाही तर पैसा कशाच्या आधारावर मागणार?

म्हणजे आपल्या हातात आहेत त्या योजना. त्यात मुख्य महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. २ जुलै २०१२ ला ती राजीव गांधी जीवनदायी नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात नांदेड होतं. तेव्हा कुटुंबाला वर्षाला दीड लाखाची मर्यादा होती. जुलै २०२४ पासून ती पाच लाख झाली आणि पांढऱ्या कार्डवालेही आत आले. ब्लड कॅन्सरचा इलाज दोन-अडीच वर्षं चालतो, म्हणून 'वर्षाला' हा शब्द लक्षात ठेवा.

आता आमचा नेहमीचा अनुभव. मोहल्ल्यात कुणाचं लेकरू आजारी पडलं की आधी मशिदीत चंद्याचं ऐलान होतं, रेशन कार्ड मात्र पेटीतच राहतं. काढलं तर त्यात मुलाचं नावच नसतं. शाळेच्या रजिस्टरला 'शेख अयान', आधारवर 'शेक आयान'. आम्ही मास्तर लोकही दाखल्याच्या वेळी घाई करतो, हे कबूल. मुलाचं नाव तहसीलच्या पुरवठा विभागात आजच चढवा, स्पेलिंग एकच ठेवा. चंदा, जकात ठीकच, पण तो पैसा मुंबईत राहण्या-खाण्याला लागतो, तिथे योजना पुरत नाही.

शाळेत वर्षातून एकदा आणि अंगणवाडीत दोनदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. पथक खास कॅन्सर शोधायला येत नाही, पण शंका आली तर पुढे पाठवतं. तुम्हीही बघा: न उतरणारा ताप, अंग पांढरं पडणं, विनाकारण काळेनिळे डाग, मानेत किंवा पोटात गाठ, रात्री हाडं दुखणं, फोटोत डोळ्याच्या बाहुलीत पांढरी चमक.

नायगावहून आधी विष्णुपुरीचं शासकीय रुग्णालय, पुढे छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय किंवा मुंबईचं टाटा. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, आधी त्याला गाठा. फोन १५५३८८. आयुष्मान कार्ड असेल तर ते राज्याबाहेरही चालतं, म्हणून हैदराबादला जाणाऱ्यांनी १४५५५ वर तिथल्या रुग्णालयांची यादी विचारावी. रेल्वेत इलाजाला जाणाऱ्या कॅन्सरच्या पेशंटला स्लीपर आणि थर्ड एसीत पूर्ण माफी आहे, सोबतच्या एकाला पाऊण. त्यासाठी डॉक्टरांचं सर्टिफिकेट काउंटरवर दाखवावं लागतं.