अर्धस्वयंचलित शॉटगन : नवी बंदूक रुळवणे आणि काडतूस अडकणे

अर्धस्वयंचलित शॉटगन : बार उडाल्यावर रिकामे काडतूस बाहेर फेकून पुढचे काडतूस चेंबरमध्ये आणण्याचे काम आपले आपणच करणारी छऱ्यांची बंदूक. प्रत्येक बारासाठी चाप सोडून पुन्हा ओढावा लागतो. दुनळी बंदुकीत काडतूस भरणे-काढणे हाताने होते, पंप बंदुकीतही जोर हाताचाच असतो. त्यामुळे या दोन्ही बंदुका हलके-भारी कुठलेही काडतूस निमूटपणे चालवतात. अर्धस्वयंचलित बंदूक प्रत्येक बारातून आपला वाटा काढून घेते आणि त्या वाट्यावर चालते. वाटा कमी पडला की अडते. नव्या बंदुकीबद्दलची नेहमीची तक्रार ‘काडतूस नीट भरत नाही’ अशी असते, पण बहुतेक वेळा भरण्याचे भाग शाबूत असतात. कमी पडलेला असतो तो जोर.

हा वाटा किती लहान असतो ते ढोबळ हिशेबाने पाहता येते. बारा बोरच्या काडतुसातले २८ ग्रॅम छरे सेकंदाला सुमारे ४०० मीटर वेगाने निघाले, तर त्यांच्या अंगी सुमारे २,२०० जूल ऊर्जा असते. त्याच बाराने सव्वातीन किलोच्या बंदुकीला जो धक्का बसतो, त्याची ऊर्जा मात्र ३० जूलच्या आसपास भरते. शिवाय हा धक्का छऱ्यांच्या वजनाच्या सरळ प्रमाणात वाढत नाही. २४ ग्रॅमऐवजी ३६ ग्रॅमचे काडतूस घातले, की वजन दीडपट होते आणि धक्क्याची ऊर्जा सुमारे दुप्पट. ऑलिंपिकच्या ट्रॅप आणि स्कीट स्पर्धांत २४ ग्रॅमची मर्यादा आहे. ते काडतूस उत्तमच असते, पण घट्ट स्प्रिंगांच्या कोऱ्या बंदुकीत पहिल्याच दिवशी तेच घातले तर ती अडखळणार हे ठरलेले.

जोर कुठून घ्यायचा, यावरून या बंदुकांचे तीन वंश पडले. पहिला लांब धक्क्याचा. अमेरिकेतल्या यूटा राज्यातील ऑग्डेनचे जॉन मोझेस ब्राउनिंग (१८५५–१९२६) यांनी आखलेली आणि पुढे ऑटो-५ म्हणून प्रसिद्ध झालेली बंदूक ही यशस्वी अर्धस्वयंचलित शॉटगनांतली पहिली. ब्राउनिंग यांना एकरकमी पैसे नको होते, प्रत्येक बंदुकीमागे मानधन हवे होते; त्यावर विंचेस्टर कंपनीशी बोलणे फिसकटले. नंतर ते रेमिंग्टनकडे गेले, तर जानेवारी १९०२ मध्ये भेटीच्या वेळीच कंपनीचे प्रमुख मार्सेलस हार्टली हृदयविकाराने वारले. मग ब्राउनिंग यांनी बेल्जियम गाठले. एर्स्ताल येथील एफएन कारखान्याने ही बंदूक बनवली आणि रेमिंग्टननेही १९०५ पासून ती काढली; पुढे ती ‘मॉडेल ११’ या नावाने ओळखली गेली. बेल्जियमनंतर जपानच्या मिरोकू कारखान्यात तिचे उत्पादन १९९८ पर्यंत चालू होते. या बंदुकीत नळी आणि चेंबर मागून बंद करणारा बोल्ट एकमेकांना जखडलेल्या अवस्थेत पूर्ण मागे येतात, बोल्ट तिथे थांबतो, नळी पुढे जाते, रिकामे काडतूस बाहेर पडते आणि मग बोल्ट नवे काडतूस घेऊन पुढे धावतो.

दुसरा वंश वायूचा. नळीला पाडलेल्या बारीक छिद्रांतून थोडा तप्त वायू पिस्टनवर घेतला जातो. रेमिंग्टन ११०० (१९६३) ही या पद्धतीची घरोघरी गेलेली बंदूक. तिसरा वंश जडत्वाचा. इटलीतील ऊर्बिनो येथे १९६७ मध्ये, मोटारसायकलींसाठी आधीच नाव कमावलेल्या बेनेल्ली घराण्याने ब्रूनो चिव्होलानी यांच्या आराखड्यावर ही बंदूक उभी केली. तीत बंदूक धक्क्याने मागे सरकते आणि जड बोल्ट क्षणभर जागच्या जागी राहतो. त्याच्या पोटातली आखूड, ताठ स्प्रिंग काही मिलिमीटर दबते आणि सुटताना बोल्टचे डोके फिरवून त्याला मागे फेकते. वायूची छिद्रे नाहीत, त्यामुळे काजळी कमी. पण बंदूक मोकळेपणी मागे सरकणे ही या पद्धतीची अटच आहे. नळीखाली टॉर्च, दस्त्यावर काडतुसांचा पट्टा, वर जाड दुर्बीण असा साज चढवला की बंदूक जड होते, तिचा मागे येण्याचा वेग घटतो आणि हलकी काडतुसे अडू लागतात.

नवी बंदूक रुळवणे म्हणजे घासणारे पृष्ठभाग एकमेकांना बसवून घेणे आणि स्प्रिंगांचा पहिला ताठपणा काढणे. सुरुवात सफाईने करावी. कारखान्यातून निघताना बंदुकीला गंज लागू नये म्हणून घट्ट ग्रीस किंवा मेणचट तेल थापलेले असते. ते वंगण नव्हे. बंदूक रिकामी आहे हे डोळ्यांनी आणि बोटाने, चेंबर व मॅगझिन दोन्हीकडे पाहून घ्यावे, मग पुस्तिकेप्रमाणे उघडून हा लेप पूर्ण पुसावा. बोल्टच्या पट्ट्या आणि तो ज्या खाचांत सरकतो त्या खाचा एवढ्यांना पातळ तेलाचा हात पुरतो. वायूच्या बंदुकीचा पिस्टन बहुतेक निर्माते कोरडाच ठेवायला सांगतात, कारण तेलात काजळी मिसळून लुकण होते. चेंबरही कोरडा हवा. थंडीत दाट तेल गोठल्यासारखे होते आणि बोल्ट रांगतो. उत्तरेकडच्या बदकशिकाऱ्यांच्या बंदुका पहाटे अडतात त्याचे एक कारण हेच.

त्यानंतर भारी काडतुसांपासून सुरुवात करून खाली यावे : आधी ३२ ते ३६ ग्रॅमची दोन-चार खोकी, मग २८ ग्रॅम, सर्वांत शेवटी २४. जडत्वाच्या बंदुकांना हा क्रम विशेष मानवतो. बोल्ट मागे अडकवून बंदूक रात्रभर ठेवण्याचा सल्ला ऐकू येतो. त्याने बोल्टला पुढे ढकलणाऱ्या परतीच्या स्प्रिंगचा कोरेपणा फार तर थोडा निघतो. पृष्ठभाग घासून गुळगुळीत व्हायचे ते होत नाहीत. ८९ मिमी लांबीची काडतुसेही घेईल अशा चेंबरची बंदूक विकत घेणाऱ्याने जरा जास्त धीर धरावा, कारण तिच्या बोल्टची धाव लांब असते आणि हलक्या काडतुसाला ती पुरी करणे जड जाते.

ऑटो-५ ला रुळवण्यापेक्षा मांडणी महत्त्वाची. मॅगझिनच्या नळीवरच्या मोठ्या स्प्रिंगपुढे पितळी घर्षण-कडे असते आणि एक पोलादी कडी असते. भारी काडतुसांसाठी पोलादी कडीची उतरती बाजू पितळी कड्याला भिडवून ती स्प्रिंगच्या पुढच्या टोकाशी बसवतात. हलक्यांसाठी ती काढून स्प्रिंगच्या मागे, बंदुकीच्या पेटीला (रिसीव्हरला) टेकवून ठेवतात. भारी मांडणीत हलके काडतूस उडवले तर नळी पूर्ण मागे येत नाही आणि रिकामे काडतूस आतच राहते. उलट चूक महागात पडते : नळी पेटीवर आदळत राहते आणि पुढचा लाकडी हातवा चिरतो. जुन्या बाजारात या बंदुकीचा हातवा आधी पाहतात तो यामुळेच. मॅगझिनची नळी तेलाने माखली तरी घर्षण कमी होऊन तोच मार बसतो.

दोष ओळखताना बंदूक थांबली कोणत्या अवस्थेत, हे पाहावे. घाईने बोल्ट ओढला की पुरावाच जातो. नळी सुरक्षित दिशेला धरून, बोट चापावरून काढून आत बघावे. रिकामे काडतूस बाहेर पडण्याच्या खिडकीत उभे अडकले असेल किंवा ते बाहेर पडून बोल्ट रिकाम्या चेंबरवर मिटला असेल, तर पहिला संशय अपुऱ्या धावेचा : काडतूस हलके, बंदूक कोरी, छिद्रे काजळीने बुजलेली किंवा परतीची स्प्रिंग चिकटलेली. ही स्प्रिंग काही बंदुकांत दस्त्यातल्या नळीत असते. पाणथळीत वावरणाऱ्या बंदुकीच्या या नळीत पाणी उतरते, गंज धरतो आणि बाहेरून सारे चकचकीत दिसते. रेमिंग्टन ११०० मध्ये मॅगझिनच्या नळीवर एक काळे रबरी कडे बसते. ते चिरले की वायू निसटतो आणि चांगली बंदूक एकाएकी एकबारी होते. कडे क्षुल्लक किमतीचे असते. अनुभवी लोक एक जादा खिशात ठेवतात.

रिकामे काडतूस चेंबरमधून निघालेच नाही, तर गोष्ट वेगळी. ते काढून त्याचा बुंधा पाहावा. कडेला एक्स्ट्रॅक्टरच्या नखीचा ओरखडा असेल तर नखीने धरले होते, पण काडतूस घट्ट होते. ओरखडा नसेल तर नखीखाली कचरा आहे, ती झिजली आहे किंवा तिची स्प्रिंग मेली आहे. स्वस्त काडतुसांचा बुंधा पितळेऐवजी वर मुलामा दिलेल्या पोलादाचा असतो. बार उडताना तो फुगतो आणि पितळेइतका परत आकसत नाही. खडबडीत चेंबरला तो चिकटतो. अशा वेळी बंदुकीला दोष देण्याआधी दुसऱ्या बनावटीचे खोके उघडून पाहावे.

खऱ्या अर्थाने भरण्याचे दोष यानंतर येतात. काडतूस मॅगझिनमधून सुटत नसेल तर मॅगझिनची स्प्रिंग थकली आहे, नळीला पोचा आहे किंवा आतली दांडी तिरपी झाली आहे. अमेरिकेत स्थलांतरित पक्ष्यांच्या शिकारीला १९३५ पासून तीन काडतुसांची मर्यादा आहे आणि ती पाळण्यासाठी मॅगझिनमध्ये ही दांडी घालतात. मॅगझिनच्या नव्या स्प्रिंगचे मोकळे टोक नळीबाहेर वीतभर तरी डोकावते. एकदम दोन काडतुसे सुटून उचलपट्टीखाली अडकत असतील तर काडतूस थोपवणारा खटका घाण झाला आहे किंवा झिजला आहे. काडतूस उचलले जाते पण चेंबरच्या तोंडावर नाक आपटते, असे असेल तर उचलपट्टी पाहावी.

काही दोष दोषच नसतात. बेनेल्लीच्या बऱ्याच बंदुकांत मॅगझिनमधले काडतूस घोडा पडल्यावर सुटते. हाताने बोल्ट ओढला तर चेंबरमधले काडतूस बाहेर येते आणि मागून दुसरे येत नाही. त्यासाठी बाजूचा लहान खटका दाबावा लागतो. आयुष्यभर पंप बंदूक वापरलेला माणूस हे पाहून बंदूक परत पाठवायला निघतो. याच बंदुकांचा दुसरा प्रसिद्ध प्रकार म्हणजे नुसती ‘टिक’ : चाप ओढला, घोडा पडला, बार नाही. आवाज होऊ नये म्हणून बोल्ट हळूच पुढे सोडला किंवा भरलेल्या बंदुकीचा दस्ता जमिनीवर आपटला, की बोल्टचे डोके पूर्ण फिरत नाही आणि कुलूप अर्धवट राहते. बोल्ट नेहमी स्प्रिंगच्या पूर्ण जोराने मिटू द्यावा. मात्र ‘टिक’ झाल्यावर बोल्ट लगेच उघडू नये. काडतूस उशिरा पेटू शकते, म्हणून नळी सुरक्षित दिशेला ठेवून निदान अर्धा मिनिट थांबावे. आवाज नेहमीपेक्षा दबका आला तर नळीत वॅड (दारू आणि छरे यांच्यामधला बोळा) अडकलेला असू शकतो. बंदूक रिकामी करून नळीतून आरपार उजेड पाहिल्याशिवाय पुढचा बार उडवणे म्हणजे नळी फोडून घेणे.

चाचणी घेताना मॅगझिनमध्ये दोनच काडतुसे घालावीत, एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि काडतुसाची बनावट, छऱ्यांचे वजन व अडण्याची अवस्था टिपून ठेवावी. एका बनावटीवरच अडत असेल तर ती बनावट सोडावी. सगळ्यांवर अडत असेल आणि भारी काडतुसांची चार खोकी उडवूनही फरक पडला नसेल, तर बंदूक कारागिराकडे द्यावी. चेंबर घरी पॉलिश करू नये, स्प्रिंगांची वेटोळी कापू नयेत.

महाराष्ट्रात या बंदुकीशी गाठ पडण्याचे प्रसंग कमीच. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ नंतर शिकार जवळपास बंद झाली. कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर दिसतात त्या बहुतेक ठासणीच्या किंवा काडतुसाच्या साध्या बंदुका. अर्धस्वयंचलित बंदुकांवर शस्त्र नियम २०१६ मधील बंधने साध्या दुनळीपेक्षा कडक आहेत, त्यामुळे परवाना कोणत्या वर्गाचा आहे हे आधी तपासावे लागते. शस्त्र अधिनियम १९५९ नुसार बंदूकदुरुस्तीच्या धंद्यालाही परवाना लागतो. म्हणून इथे अडलेली बंदूक लेथवाल्याकडे नव्हे, परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडेच न्यावी लागते.