फेरीवाल्याचा मुलगा आणि पहिल्या वर्षाचा ड्रॉईंगचा पेपर

१/
अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या वाट्याला एक विषय हमखास येतो : इंजिनिअरिंग ड्रॉईंग. शाखा स्थापत्य असो, यंत्र असो वा संगणक. ड्रॉईंग शीट, मिनी ड्राफ्टर आणि 'पहिल्या चतुर्थांशातील बिंदूचे प्रक्षेप काढा' हा प्रश्न कुणाला चुकत नाही. हा विषय सर्वांना आणि आरंभीच का शिकवला जातो, याचे उत्तर अठराव्या शतकातील फ्रान्समध्ये सापडते. थ्रेड.

२/
इमारतीचा तलविन्यास आणि समोरून दिसणारे दृश्य वेगवेगळे काढण्याची रीत फार जुनी आहे. जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूरर याने १५२५ साली प्रसिद्ध केलेल्या मापनविषयक ग्रंथात वक्र आकृत्या आणि घनाकृती अशा जोडदृश्यांतून मांडल्या होत्या. मात्र ती एक उपयुक्त युक्ती होती. सर्व आकृत्यांना लागू पडेल असे शास्त्र तिच्यामागे अजून उभे राहिलेले नव्हते.

३/
युरोपातील पाथरवट आणि सुतार यांच्याकडे त्याहून सूक्ष्म ज्ञान होते. कमानीचा प्रत्येक दगड कोणत्या कोनात घडवला म्हणजे तो शेजारच्या दगडाला नेमका बसेल, हे ते जमिनीवर वा फळीवर रेषा आखून ठरवीत. हे ज्ञान उस्तादाकडून शागिर्दाकडे जाई. प्रत्येक प्रकारच्या कमानीची रीत निराळी. सर्वांमागचे समान तत्त्व क्वचितच कुणी उलगडून सांगे.

४/
फ्रेंच लष्करी अभियंता आमेदे फ्रेझिए याने १७३७ ते १७३९ या काळात दगडघडाईच्या भूमितीवर मोठा ग्रंथ लिहून या रीतींना सिद्धांताचा आधार देण्याचा प्रयत्न केला. तरीही विषय दगडापुरताच राहिला. लाकूड, दगड, धातू, तटबंदी या सर्वांना पुरेल अशी एकच भाषा अद्याप कुणी घडवलेली नव्हती.

५/
ती घडवणारा गास्पार माँज ९ मे १७४६ रोजी बोन या गावी जन्मला. वडील फिरते व्यापारी. सरदारी घराण्याशी सुतराम संबंध नाही. वयाच्या अठराव्या वर्षाच्या सुमारास त्याने स्वतः तयार केलेल्या उपकरणांनी मोजणी करून आपल्या गावाचा तपशीलवार नकाशा काढला. तो एका लष्करी अभियंत्याच्या दृष्टीस पडला आणि माँजची शिफारस मेझिएर येथील राजकीय लष्करी अभियांत्रिकी विद्यालयाकडे झाली.

६/
परंतु या विद्यालयाच्या मुख्य वर्गात अधिकारी होऊ घातलेल्या कुलीन तरुणांनाच प्रवेश होता. फेरीवाल्याच्या मुलासाठी जागा होती ती संलग्न विभागात. तेथे नकाशे उतरवून काढणे, दगडघडाईच्या आकृत्या आखणे, प्लॅस्टरचे नमुने तयार करणे अशी कामे चालत. या विभागाला हेटाळणीने चुन्या-प्लॅस्टरच्या कामावरून नाव पडले होते. हात चालवणारे वेगळे आणि हुकूम देणारे वेगळे, अशी ही सरळ विभागणी होती.

७/
याच विभागात असताना माँजसमोर तटबंदीचा एक प्रश्न आला. समोरच्या उंचवट्यांवरून शत्रूला किल्ल्याचा अंतर्भाग दिसू नये आणि तोफेचा थेट मारा आत पोचू नये, यासाठी तट कोठे व किती उंच असावा? पुरंदरशेजारचा वज्रगड १६६५ साली मोगलांच्या हाती पडताच पुरंदरच्या माचीची काय अवस्था झाली, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या प्रश्नाचे गांभीर्य वेगळे सांगायला नको.

८/
त्या काळी हे उत्तर काढण्यासाठी जागोजागच्या उंचीची मोजमापे घेऊन अंकगणिताची लांबलचक आकडेमोड करावी लागे. माँजने आकडेमोड बाजूला ठेवली आणि रेषांनी, भूमितीच्या रचनेतून उत्तर काढले. ते इतक्या लवकर हाती आले की वरिष्ठ अधिकाऱ्याने प्रथम ते तपासण्यासही नकार दिला. एवढ्या अवधीत आकडेमोड पूर्ण होणेच शक्य नाही, अशी त्याची खात्री होती.

९/
माँजने आग्रह धरला, उत्तर तपासले गेले आणि ते बरोबर ठरले. यानंतर त्याच्या वाट्याला अध्यापनाचे काम आले. १७६९ पासून तो मेझिएर येथे गणित शिकवू लागला. ज्या तरुणांच्या बाकावर बसण्याची त्याला मुभा नव्हती, त्यांनाच तो आता शिकवत होता. पण या यशाला एक अट चिकटलेली होती.

१०/
ही पद्धत लष्करी गुपित मानली गेली. विद्यालयात शिकवण्यास हरकत नव्हती. बाहेर प्रसिद्ध करण्यास मात्र बंदी होती. माँज १७८० साली विज्ञान अकादमीचा सदस्य झाला, गणितातील त्याचे अन्य संशोधन प्रसिद्ध होत राहिले. पण त्याची ही सर्वांत उपयोगी निर्मिती मेझिएरच्या भिंतींआडच राहिली. पाथरवटांचे ज्ञान कारखान्यात कोंडलेले होते, तर माँजचे छावणीत.

११/
मुळात ही पद्धत आहे तरी काय? वरून पाहिल्यास वर्तुळ दिसणारी वस्तू गोल असू शकते, दंडगोल असू शकते किंवा शंकूही. एकच दृश्य अपुरे आहे. माँजने दोन परस्परलंब प्रतले कल्पिली : एक आडवे, एक उभे. वस्तूच्या प्रत्येक बिंदूवरून या दोन्ही प्रतलांवर लंब टाकायचे. जेथे लंब टेकतील ते त्या बिंदूचे दोन प्रक्षेप.

१२/
यानंतरची पायरी महत्त्वाची. दोन्ही प्रतले जेथे मिळतात त्या रेषेभोवती एक प्रतल दुमडून दुसऱ्याच्या पातळीत आणायचे. आता दोन्ही प्रक्षेप एकाच सपाट कागदावर, एकाखाली एक येतात. अवकाशातील तीन मिती दोन मितींच्या कागदावर उतरतात आणि माप कोठेही हरवत नाही. पहिल्या वर्षाच्या शीटवर आखली जाणारी 'एक्स-वाय' रेषा म्हणजे हीच घडी.

१३/
एक उदाहरण. छपराच्या कोपऱ्यातून वर चढणारा तिरपा वासा वरून पाहिला तर आखूड दिसतो, समोरून पाहिला तरीही आखूडच दिसतो. त्याची खरी लांबी दोन्ही दृश्यांत लपलेली असते. पण दोन्ही दृश्ये हाती असतील तर केवळ पट्टी आणि कंपासच्या साहाय्याने ती कागदावर काढता येते. वासा कापण्यापूर्वी तो किती लांब कापायचा हे कळते. कागदावर विचार करता येणे म्हणजे हेच.

१४/
१७८९ साली राज्यक्रांती झाली आणि मेझिएरची जुनी व्यवस्था कोलमडली. माँज क्रांतीचा कट्टर समर्थक. १७९२-९३ मध्ये तो नौदलमंत्री होता. त्यानंतर युद्धसज्जतेसाठी तोफांचे उत्पादन वाढवण्याच्या कामात त्याने स्वतःला झोकून दिले. युरोपातील राजसत्तांशी झुंजणाऱ्या प्रजासत्ताकाला अचूक काम करणारे कारागीर आणि अभियंते मोठ्या संख्येने हवे होते, तेही तातडीने.

१५/
या निकडीतून १७९४ साली पॅरिसमध्ये सार्वजनिक बांधकामांचे मध्यवर्ती विद्यालय स्थापन झाले. १७९५ मध्ये त्याचे नाव 'एकोल पोलितेक्निक' झाले. प्रवेश कुळावर नव्हे, तर देशभर घेतल्या गेलेल्या परीक्षेवर. पहिल्या तुकडीत सुमारे ४०० विद्यार्थी होते. त्यांच्याकडून शुल्क घेतले जात नसे. उलट त्यांनाच वेतन मिळे.

१६/
येथे 'वर्णनात्मक भूमिती' हा अभ्यासक्रमाचा कणा ठरला. आरंभीच्या योजनेत पहिल्या वर्षी तिची मूलतत्त्वे व दगड-लाकडाची घडाई, दुसऱ्या वर्षी वास्तुरचना आणि तिसऱ्या वर्षी तटबंदी असा क्रम होता. पुढे कुणी रस्ते बांधो, जहाजे बांधो वा खाणी खोदो, आरंभ सर्वांचा एकच. आजच्या 'सर्व शाखांना समान पहिले वर्ष' या कल्पनेचे मूळ येथे दिसते.

१७/
शिकवण्याची रीतही नवी होती. केवळ व्याख्यान ऐकून विद्यार्थी घरी जात नसे. साधारण वीस-वीस जणांच्या तुकड्या पाडलेल्या असत आणि प्रत्येकीवर थोड्या पुढे गेलेल्या विद्यार्थ्याची नेमणूक असे. व्याख्यानानंतर या तुकड्या स्वतंत्र दालनांत बसून तोच भाग स्वतःच्या हाताने आखून पाहत. मेझिएरला हात आणि बुद्धी यांच्यामध्ये जी भिंत होती, ती येथे प्रत्येक विद्यार्थ्यापुरती पाडली गेली.

१८/
याच सुमारास, जानेवारी १७९५ मध्ये, शिक्षक घडवण्यासाठी 'एकोल नॉर्माल' सुरू झाले. देशभरातून हजाराहून अधिक प्रौढ विद्यार्थी आले. गणिताचे अध्यापक होते लाग्रांज, लाप्लास आणि माँज. व्याख्याने लघुलेखक टिपून घेत आणि ती छापली जात. दीर्घकाळ गुप्त राहिलेली पद्धत अशा रीतीने प्रथमच उघडपणे, छापील स्वरूपात लोकांसमोर आली. १७९९ साली तिचे पुस्तक झाले.

१९/
माँजची भूमिका स्पष्ट होती. फ्रान्सचे उद्योग परदेशांवर अवलंबून आहेत, कारण कामात अचूकता नाही. आणि अचूकता यायची तर रचना करणारा, काम चालवणारा आणि प्रत्यक्ष घडवणारा या तिघांनाही एकच भाषा अवगत असली पाहिजे, असे त्याचे प्रतिपादन होते. म्हणूनच हा विषय केवळ अधिकाऱ्यांना नव्हे, तर हुशार कारागिरांनाही शिकवावा असा त्याचा आग्रह होता.

२०/
उघडलेले दार मात्र तसेच राहिले नाही. नेपोलियनने १८०४ साली एकोल पोलितेक्निकला लष्करी स्वरूप दिले आणि पाठोपाठ शुल्कही लागू झाले. गरीब घरांतील मुलांची वाट पुन्हा अवघड झाली. खुद्द माँज नेपोलियनचा निकटवर्ती होता; १७९८ च्या इजिप्त मोहिमेत तो त्याच्यासोबत गेला होता. आपल्याच संस्थेचे हे रूपांतर त्याला हयातीत पाहावे लागले.

२१/
राजेशाही परतल्यावर १८१६ साली माँजला अकादमीतून काढून टाकण्यात आले. २८ जुलै १८१८ रोजी त्याचे निधन झाले. पोलितेक्निकच्या विद्यार्थ्यांना अंत्ययात्रेस जाण्याची परवानगी नाकारली गेली. ते नंतर सुटीच्या दिवशी त्याच्या समाधीवर गेले. १९८९ साली, राज्यक्रांतीच्या द्विशताब्दीत, त्याचे अवशेष पॅरिसच्या पांतेओंमध्ये सन्मानाने हलवण्यात आले.

२२/
विषय तोवर समुद्रापार पोचला होता. पोलितेक्निकचा विद्यार्थी आणि नेपोलियनच्या सैन्यातील माजी अधिकारी क्लोद क्रोझे १८१६ साली अमेरिकेतील वेस्ट पॉइंट येथे अध्यापक झाला. इंग्रजी तोडकेमोडके, इंग्रजीत पाठ्यपुस्तक नाही आणि आकृत्यांशिवाय हा विषय शिकवणे अशक्य. त्याने सुताराकडून फळा करून घेतला व तो काळा रंगवून घेतला, अशी आठवण सांगितली जाते. १८२१ मध्ये त्याने स्वतःच पाठ्यपुस्तक लिहिले.

२३/
ब्रिटनने वेगळी वाट धरली. केंब्रिजचे प्राध्यापक विल्यम फॅरिश वर्गात यंत्रांच्या प्रतिकृती जोडून दाखवीत. व्याख्यान संपले की भाग सुटे करायचे आणि पुढच्या वेळी साहाय्यकांनी नवे यंत्र जुळवायचे. ते बिनचूक जुळावे यासाठी तिन्ही मिती एकाच चित्रात दाखवणारी रीत त्यांनी वापरली आणि तिच्यावरील निबंध १८२२ साली छापला. आजचा 'आयसोमेट्रिक' प्रश्न येथून आला.

२४/
भारतात हा विषय वसाहती राजवटीच्या गरजेतून रुजला. १८४७ साली रुरकीला महाविद्यालय निघाले ते गंगा कालव्याच्या कामाच्या पार्श्वभूमीवर. आरंभी तेथे तीन विभाग होते : एक अभियंत्यांसाठी, दुसरा युरोपीय सैनिकांतून ओव्हरसियर घडवण्यासाठी आणि तिसरा देशी तरुणांसाठी. तिसऱ्या विभागात मोजणी, नकाशे, ड्रॉईंग यांवर भर होता. मेझिएरची उतरंड येथे कुळाऐवजी वर्णावर उभी होती.

२५/
पुण्यात १८५४ साली इंजिनिअरिंग वर्ग व मेकॅनिकल स्कूल सुरू झाले. हेतू मर्यादित : सार्वजनिक बांधकाम खात्याला दुय्यम दर्जाचे कर्मचारी पुरवणे. सरकारला नकाशा नीट वाचणारा हाताखालचा माणूस हवा होता. पण ही भाषा अशी आहे की वाचायला शिकलेला माणूस तिच्यात स्वतःचे लिहूही लागतो.

२६/
या वर्गाचेच पुढे महाविद्यालय झाले आणि म्हैसूर संस्थानातून आलेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या तेथून १८८३ साली अभियंता होऊन बाहेर पडले. पाण्याची पातळी वाढताच आपोआप उघडणाऱ्या त्यांच्या दरवाजांची योजना १९०३ मध्ये पुण्याजवळच्या खडकवासला धरणावर प्रत्यक्षात आली. दुय्यम कर्मचारी घडवण्यासाठी उघडलेल्या संस्थेतून नवी रचना मांडणारा अभियंता निघाला होता.

२७/
आज संगणकाच्या पडद्यावर त्रिमितीय प्रतिकृती हवी तशी फिरवता येते आणि दृश्ये क्षणात मिळतात. तरी पहिल्या वर्षी बिंदू, रेषा, प्रतल, घन हा क्रम टिकून आहे, कारण संगणकाने दाखवलेले दृश्य चुकले आहे हे ओळखण्यासाठी ती वस्तू आधी मनात फिरवता यावी लागते. हातात पेन्सिल देऊन शिकवले जाते ते हे.

२८/
अनेक विद्यार्थी या पेपरला अडखळतात. शाळेत ड्रॉईंगची साधने हाताळण्याची संधी कुणाला मिळालेली असते, कुणाला नसते. वर्गात पहिल्या दिवशी दोघांना तोच प्रश्न सोडवायचा असतो. गाळणी म्हणून वापरला तर हा विषय मेझिएरच्या दारासारखाच वागतो. माँजने तो सर्वांसाठी आणि आरंभीच ठेवला होता, तो नेमका याच्या उलट कारणासाठी : पुढे कुणी कुठेही जावो, या भाषेवाचून कुणी दाराबाहेर राहू नये.

#इतिहास #मराठी_थ्रेड