थायरॉइड कॅन्सरच्या उपचारानंतरचे जगणे : रुग्ण, कुटुंब आणि कार्यकर्त्यांसाठी माहिती

थायरॉइडच्या कॅन्सरला 'त्यातल्या त्यात बरा कॅन्सर' म्हटले जाते. पॅपिलरी आणि फॉलिक्युलर या नेहमी आढळणाऱ्या प्रकारांचे बहुतेक रुग्ण उपचारानंतर दीर्घकाळ जगतात, हे खरेच. पण याच शब्दांमुळे नंतरचा थकवा, बदललेला आवाज आणि आजार उलटण्याची भीती कोणी मनावर घेत नाही. शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, हजाराहून अधिक रुग्णांच्या अभ्यासात कमी वयाच्या, कमी शिकलेल्या आणि स्त्री रुग्णांचे जीवनमान अधिक खालावलेले दिसले. हा आजार स्त्रियांमध्ये पुरुषांच्या सुमारे तिप्पट आढळतो. त्यामुळे हा आपल्या वस्तीतील लेकीबाळींचा प्रश्न आहे.

रोजची गोळी
ग्रंथी पूर्ण काढली असेल तर लेव्होथायरॉक्सिनची गोळी आयुष्यभर घ्यावी लागते. अर्धीच काढली असेल तर काहींना ती लागत नाही. सकाळी उपाशीपोटी, फक्त पाण्यासोबत गोळी घ्यावी आणि चहा-नाश्ता अर्ध्या ते एक तासाने करावा. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांत चार तासांचे अंतर ठेवावे, नाहीतर औषध नीट शोषले जात नाही. उपोसथाच्या दिवशीही गोळी चुकवू नये. अष्टशीलात औषध वर्ज्य नाही.

मात्रा कमी पडली तर सुस्ती, बद्धकोष्ठता, वजनवाढ आणि उदासी जाणवते. जास्त झाली तर छातीत धडधड, घाम, झोपमोड होते. पाळी गेलेल्या स्त्रियांची हाडेही ठिसूळ होऊ शकतात. मात्रा बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच तपासतात. थायरोग्लोब्युलिनची रक्ततपासणी आणि मानेची सोनोग्राफी आजार उलटला का हे पाहण्यासाठी असते. बरे वाटते म्हणून तपासणी सोडू नये.

कॅल्शियम आणि आवाज
ऑपरेशनमध्ये शेजारच्या पॅराथायरॉइड ग्रंथींना इजा झाल्यास कॅल्शियम घटते. ओठांभोवती व बोटांत मुंग्या, हातापायांत गोळे आले तर लगेच डॉक्टरांना दाखवावे. स्वरयंत्राच्या नसेला धक्का बसला तर आवाज घोगरा होतो. शिक्षक, गायक, वक्ते यांच्यासाठी हा पोटापाण्याचा प्रश्न आहे. आवाजाच्या व्यायामाने पुष्कळांना फायदा होतो. त्यासाठी वाचा-उपचारतज्ज्ञाकडे पाठवण्यास सांगावे.

आयोडीन उपचार आणि गैरसमज
काही रुग्णांना किरणोत्सारी आयोडीन दिले जाते. मुंबईत परळ येथे भाभा अणुसंशोधन केंद्राचे रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून आहे. थायरॉइड कॅन्सरवरील या उपचाराचे ते देशातील जुने केंद्र. उपचारानंतर काही दिवस लहान मुले आणि गरोदर स्त्रियांपासून दूर राहावे लागते. या आयोडीनचा प्रभाव दर आठ दिवसांनी निम्मा होतो आणि शरीरातील बराचसा भाग लघवीवाटे आधीच निघून जातो. त्यामुळे डॉक्टरांनी सांगितलेली मुदत संपल्यावर भांडी वेगळी ठेवणे, शेजारी न बसणे याला काही आधार नाही. तोंड कोरडे पडणे आणि चव बदलणे मात्र काही जणांत टिकते. उपचारापूर्वीचे कमी आयोडीनचे पथ्य आयुष्यभराचे नसते. नंतर साधे आयोडीनयुक्त मीठ आणि मासळी चालते.

लग्न आणि मूल
मानेवरचा व्रण पाहून मुलीचे स्थळ नाकारणे हा अज्ञानातून आलेला अन्याय आहे. कॅन्सर संसर्गजन्य नाही आणि बहुतेक स्त्रियांना पुढे निरोगी बाळ होते. आयोडीन उपचारानंतर गर्भधारणा साधारण सहा महिने ते वर्षभर पुढे ढकलतात. पुरुषांनीही काही महिने थांबावे. गरोदरपणात गोळी बंद करायची नसते, उलट मात्रा बहुधा वाढवावी लागते.

विहार आणि मंडळांचे काम
अतिसाराने आजारी पडलेल्या भिक्खूची भगवान बुद्धांनी आनंदांसह स्वतः सेवा केली, असा प्रसंग विनयपिटकात आहे. ती शिकवण आज अशी पाळता येईल : तपासणीच्या दिवशी सोबत जाणे, महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेची कागदपत्रे भरून देणे, स्वस्त औषधासाठी जनऔषधी केंद्रात चौकशी करणे आणि बरे झालेल्या रुग्णाची नव्या रुग्णाशी भेट घालून देणे. थकवा आला म्हणून सभेला न येणाऱ्या कार्यकर्तीला आळशी म्हणण्याआधी तिची टीएसएच तपासणी शेवटची कधी झाली, हे विचारावे.